माझ्या पुढे मीच

आमच्या वसाहतीत एकट्या राहणाऱ्या माणसांची एक साखळी आहे. तीत मला घालायचं ठरलं तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं.

साखळीचं काम सोपं. रोज सकाळी तळमजल्यावरच्या नर्सबाई पहिला फोन लावतात. "उठलात का?" समोरचा म्हणतो, "उठलो." एवढं झालं की तो फोन ठेवतो आणि आपल्या पुढच्याला लावतो. असं होत होत शेवटच्यापर्यंत जातं, आणि शेवटचा माणूस अंगणातल्या कपडे वाळत घालायच्या सामाईक तारेवर एक पिवळा टॉवेल टाकतो. नर्सबाईंना तो खिडकीतून दिसला की त्या चहाचं आधण ठेवतात. मधे कुणी फोन उचलला नाही, तर लावणाऱ्यानं नर्सबाईंना कळवायचं, आणि त्या दार वाजवायला जायच्या. त्यांनी वेळेवर दार वाजवलं म्हणून आज हिंडती-फिरती असलेली माणसं वसाहतीत आहेत. त्यातला एक तर त्यांच्यावर अजून चिडलेला आहे, कारण कुलूप फोडलं ते नवीन होतं.

ही साखळी हिनं सुरू केली. ही म्हणजे माझी बायको. ती कॉलेजात प्रोग्रॅमिंग शिकवायची, आणि तिथे लिंक्ड लिस्ट नावाचा एक प्रकार असतो. मला समजला तसा सांगतो. माहितीचे डबे असतात. प्रत्येक डब्यात दोनच गोष्टी: त्याचा स्वतःचा माल आणि पुढच्या डब्याचा पत्ता. सगळ्या डब्यांची एकत्र नोंद कुठेच नसते. पहिला डबा हातात धरायचा, तो दुसऱ्याकडे पाठवतो, दुसरा तिसऱ्याकडे. मी पंपांच्या कारखान्यात भांडार सांभाळण्यात आयुष्य घालवलं. असलं भांडार माझ्याकडे कुणी आणलं असतं तर मी राजीनामा दिला असता. पण हिचं म्हणणं असं की एकटं राहणाऱ्या माणसाला आपण एकटे आहोत हे गावभर व्हायला नको असतं. एकाला कळलं तर चालतं. शिवाय, यादी केली की यादी सांभाळणारा येतो, तो आला की त्याला खुर्ची लागते, आणि खुर्ची आली की निवडणूक. आधी मोबाइलवर ग्रुप करून पाहिला होता. त्यात सूर्योदयाची चित्रं इतकी आली की एक गृहस्थ खरोखर पडले आणि त्यांनी टाकलेला निरोप दोन गुलाबांच्या मधे कुणाला दिसलाच नाही.

नवीन माणूस आला की त्याला साखळीत जोडायचं काम हीच करायची. दोन्हीकडच्यांशी जाऊन बोलायची, नंबर भरून द्यायची. ही गेली तेव्हा साखळी तुटली नाही, कारण ही साखळीत नव्हतीच. तिला गरज नव्हती. तिला मी होतो.

तर एका सकाळी नर्सबाई आल्या. खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या. वाईट बातमी सांगायची त्यांची ही जुनी बैठक आहे.

"भावोजी, साखळीत तुमचं बघायचं होतं."

"अवश्य," मी म्हटलं. "मी तयारच आहे. व्यवस्था आता मी बघतो. आधी सगळ्यांचे नंबर लिहून काढू."

"व्यवस्था नाही हो. तुम्हाला आत घ्यायचंय."

"आत म्हणजे?"

"आत म्हणजे आत. आमच्यासारखे."

मी त्यांना सांगितलं की माझा रक्तदाब विशीतल्या माणसासारखा आहे, मी जिना एका दमात चढतो आणि पहाटे आपोआप उठतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चाळीस वर्षं रुग्णालयात काढलेल्या बाईला ऐकून घेण्याचं शिक्षण असतं. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलीनं फोन केला होता."

मुलगी दूरच्या शहरात असते, कॉम्प्यूटरच्या कंपनीत. संध्याकाळी मी तिला विचारलं, "बापाला न विचारता बापाची भरती करतेस?"

"बाबा, मी रोज सकाळी तुला फोन करते. तू उचलत नाहीस."

"मी फिरायला गेलेलो असतो."

"कुठे?"

खरं तर कुठेच नाही. मी सकाळी पलंगावर बसलेलो असतो. फोन वाजतो ते ऐकत असतो. उचलला तर बोलावं लागतं. पण हे काही मुलीला सांगण्यासारखं नाही.

शेवटी मी एक अट घातली. साखळीत येतो, पण मला दुसरं कुणी बसवायचं नाही. माझं मी बसेन. भांडारात हजारो वस्तू जागच्या जागी बसवलेल्या माणसाला स्वतःला एका जागी बसवता येणार नाही, असं कुणी म्हणायचं कारण नव्हतं.

प्रश्न एवढाच, कुठे बसायचं. नर्सबाईंनी आधीच बजावलं, "माझ्या आधी नको. पहिला फोन माझा. लोकांना सवय आहे." दुसऱ्या क्रमांकावर टायरवाले आहेत. टायरचं दुकान मुलाला देऊन आता ते पूर्ण वेळ सल्ले देतात. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "शेवटी अजिबात जाऊ नका. टॉवेल टाकावा लागतो. पावसाळ्यात ओला होतो, परत आणून पिळावा लागतो. आणि शेवटचा माणूस म्हणजे, बघा, शेवटचाच." हे मला पटलं. राहता राहिला मध्यभाग. टायरवाले कुणाला फोन करतात हे त्यांच्याकडून कळलं: आमच्याच जिन्यातल्या, वरच्या मजल्यावरच्या आजींना. मी ठरवलं, आजींच्या नंतर बसायचं.

मुलीनं फोनवर समजावलं. "बाबा, मधे घालताना क्रम पाळायचा. आधी नव्यानं पुढच्याचा हात धरायचा. मग मागच्यानं नव्याचा धरायचा. उलटं केलंस तर पुढचे सगळे गेले."

"गेले म्हणजे कुठे गेले?"

"कुठे नाही. असतात तिथेच. फक्त त्यांच्यापर्यंत कुणाला पोचता येत नाही."

मी "हो, हो" म्हटलं. भांडारातला नियम मला पक्का ठाऊक होता. आधी जागा धरायची, मग चौकशी. एकदा फळीवर आपला माल लागला की तिथे आधी काय होतं ते निवांत शोधता येतं.

आजींचा फोन खास त्यांच्यासाठी आणलेला. त्याला एक मोठं लाल बटण, त्यावर एकच नंबर भरलेला. त्यांना आकडे दिसत नाहीत. हिनं तो नंबर भरून दिला होता. टायरवाल्यांचा फोन आला की आजी "उठले" म्हणत, आणि लाल बटण दाबत. आजींकडे जाऊन मी चष्मा लावला, फोनबरोबर आलेली वापराची चिठ्ठी वाचली आणि लाल बटणावर माझा नंबर भरला. बरोबर भरला गेला की नाही ते पाहायला आजींना दाबायला सांगितलं. माझ्या खिशात फोन वाजला.

"अगबाई," आजी म्हणाल्या. "तू इथेच की रे!"

"हो आजी. बरोबर लागला."

"पुन्हा दाबू?"

त्यांनी पुन्हा दाबलं. मी उचलला. त्या समोरच्या खुर्चीतून फोनवर म्हणाल्या, "उठलास का?" मी उभा राहून फोनवर म्हटलं, "उठलो." हे त्यांना इतकं आवडलं की आम्ही बराच वेळ तेच करत बसलो. कितीतरी दिवसांत मी कुणाला एवढं हसवलं नव्हतं, म्हणून मीही थांबवलं नाही.

मग मी कामाकडे वळलो. "आता सांगा आजी, माझ्या आधी या बटणावर कोण होतं? त्यांचा नंबर मला घ्यायचाय."

"कोण म्हणजे? तो होता."

"तो कोण?"

"मी विचारायची, उठलात का. तो म्हणायचा, उठलो. चांगला भरदार आवाज आहे."

"नाव?"

"नाव कशाला लागतंय उठायला?"

"बरं, बटणावर कोण आहे ते बघू," असं म्हणून मी लाल बटण दाबलं. माझा खिसा वाजला.

फोनमध्ये आधी लावलेले नंबर राहतात, हे मला माहीत होतं. ते उघडले. पहिला मी. दुसरा मी. तिसरा मी. त्या फोनच्या पोटात जेवढे नंबर मावतात तेवढे सगळे आमच्या खेळानं भरले होते. वरपासून खालपर्यंत मीच. भरदार आवाजाचा माणूस नाहीसा झाला होता, आणि त्याच्या मागे जे कुणी होते तेही. हिचा फोन उघडून पाहिला. त्यात हजारभर नावं, निम्मी विद्यार्थ्यांची, आणि साखळीतला म्हणून कुणावरही खूण नाही. ती गुपित ठेवायचं म्हणाली की ठेवायची.

नर्सबाईंना लगेच सांगायला हवं होतं. पण मीच त्यांना व्यवस्था बघतो म्हणालो होतो. जिना उतरायला पाय निघेना.

संध्याकाळी, माझं नेमकं काय चुकलं ते बघायला, मी हिच्या कॉम्प्यूटरवर बसलो. मुलगी फोनवरून सांगत होती, मी एका बोटानं टाइप करत होतो. एक वर्ग केला, म्हणजे डब्याचा साचा, त्याचं नाव माणूस. प्रत्येक माणसाला दोन गोष्टी: नाव आणि पुढचा. मग मी केलं तेच त्यात लिहिलं. आजींचा पुढचा म्हणजे मी. त्याखाली, माझा पुढचा म्हणजे आजींचा जो पुढचा असेल तो. आणि मग सगळ्यांची नावं ओळीनं छापायला सांगितलं.

नर्सबाई आल्या. टायरवाले आले. आजी आल्या. मग 'मी' आला. त्याखाली मी. त्याखाली मी. पडदा भरला, वर सरकला, पुन्हा भरला. एवढ्यांदा मी आयुष्यात कधी मी म्हटलं नसेल.

"मुली, हे थांबत नाहीये."

"वाच बघू काय येतंय." मी सांगितलं. ती हसली, आणि मग हसायची थांबली. "बाबा, तुझ्या पुढे तूच आहेस. तू पुढच्याला विचारतोस पुढे कोण, आणि तो तूच असतोस. आजींकडून आधी घ्यायला हवं होतं ना रे. बंद कर ते."

कसं बंद करायचं तेही तिनं सांगितलं. पण मी थोडा वेळ तसंच चालू ठेवलं. कॉम्प्यूटरला कंटाळा आला नाही. मला त्यात खोटं काही दिसेना. गेल्या काही महिन्यांतल्या माझ्या दिवसाचा तो बऱ्यापैकी अचूक हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी आजींनी बटण दाबलं, मी "उठलो, उठलो, ठेवा" म्हणालो आणि फोन हातात धरून खोलीच्या मधोमध उभा राहिलो. खाली तारेवर टॉवेल नव्हता. नर्सबाई स्वेटर घालून अंगणात आल्या होत्या, चहा न घेता. मी खाली गेलो आणि सगळं सांगितलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "म्हणजे पुढे किती जण आहेत, कोण आहेत, आपल्याला ठाऊक नाही. आणि आज त्यांना कुणी विचारलेलं नाही."

"नाही."

"आणि त्यातलं कुणी रात्री न्हाणीघरात पडलं असेल तर?"

टायरवाले मदतीला आले. त्यांनी भोंगा लावून गाडी फिरवायची, सगळ्यांचं पाणी बंद करून कोण ओरडत नाही ते बघायचं, आणि लाल बटण उलटं दाबून पाहायचं, असे तीन उपाय सुचवले. मी सेक्रेटरींकडे गेलो.

सेक्रेटरी दाढी करत होते. अर्ध्या गालावर फेस ठेवून त्यांनी मला कार्यालयात नेलं, कारण कार्यालयीन प्रश्न ते घरी ऐकत नाहीत.

"एकटे राहणारे कोण कोण, एवढंच सांगा," मी म्हटलं.

"ही माहिती खाजगी आहे. ही जी काही साखळी म्हणता, तिचा ठराव झालाय?"

"नाही."

"मग ती नाहीच आहे. नसलेली साखळी तुटेल कशी?"

"अहो, एखादा माणूस पडलेला असेल!"

"सभासद की भाडेकरू?"

मी उठलो. त्यांनी मागून सांगितलं की अर्ज दिलात तर पुढच्या बैठकीत घेऊ.

मग मी मागच्या इमारतीपासून सुरुवात केली. दार वाजवायचं आणि विचारायचं, "आपण एकटे राहता का?" हा प्रश्न किती घाणेरडा आहे हे तो विचारल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दारातल्या बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत वळून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या. असाल तसे या." ते बनियनवर आले. मी दिलगिरी व्यक्त केली. दुसऱ्या दारातला तरुण म्हणाला, "एकटाच आहे, पण मला काही घ्यायचं नाही." तिसरं दार उघडलंच नाही. मी वाजवत राहिलो, कारण उघडत नाही म्हणजे पडलेला असणार. शेवटी आतून एका माणसानं मला दिलेल्या शिव्यांवरून त्याची तब्येत उत्तम असल्याचं कळलं.

दाराच्या फटीला कान लावून मी पुढच्या घराचा कानोसा घेत होतो, तेव्हा खांद्यावर हात पडला. सुरक्षारक्षक होता.

"काका, चला."

"मी इथेच राहतो. पुढच्या इमारतीत."

"सगळे असंच म्हणतात. नोटीस वाचली नाही? एकटे राहता का विचारणाऱ्यांपासून सावध राहा. सेक्रेटरीसाहेबांची सही आहे."

एवढी वर्षं या वसाहतीत राहून मला दंडाला धरून अंगणातून नेण्यात आलं. बनियनवाले गृहस्थ गॅलरीतून बघत होते. मी मान ताठ ठेवली. पण दंड दुसऱ्याच्या हातात असताना ताठ मानेचा फारसा उपयोग होत नाही.

फाटकाजवळच्या केबिनमधल्या बाकावर एक गृहस्थ आधीच बसलेले होते. चांगले उंच, गुडघे जवळजवळ हनुवटीला लागलेले. हातात कागदात गुंडाळलेली पांढरी फुलं.

"तुम्ही सकाळपासून दुसरे," रक्षक म्हणाला. "हे म्हातारी बाई एकटी राहते का म्हणून विचारत हिंडत होते. बसा दोघं. साहेब येतील."

आम्ही बसलो. मी त्यांच्यापासून जरा सरकून बसलो. म्हाताऱ्या बाया हुडकणाऱ्या माणसाशी माझं काही नातं आहे, असं दिसायला नको होतं. तेही सरकले.

"तुम्ही काय केलंत?" त्यांनी विचारलं. आवाज भरदार होता.

"एकटे राहणारे शोधत होतो."

"लाज वाटायला हवी."

"आणि तुम्ही?"

"माझी गोष्ट वेगळी आहे. मला रोज सकाळी एका बाईंचा फोन येतो. आज आला नाही."

मी त्यांच्याकडे वळलो. "त्या काय म्हणतात?"

"उठलात का, म्हणतात. कोण आहेत, कुठे राहतात, माहीत नाही. माझा फोन जुना, घरातला, त्यावर नंबर उमटत नाही. आज वाट पाहिली. पाहून पाहून पुढच्या बाईंना लावला आणि सांगितलं, मागून काही आलेलं नाही, टॉवेल टाकू नका म्हणून पुढे कळवा. नर्सबाईंना लावला, तर तिकडे कुणी उचलेना. मग निघालो." त्यांनी फुलांकडे पाहिलं. "रिकाम्या हातानं जायचं जिवावर आलं."

ते वसाहतीतलेच, बसवर कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत असताना त्यांचा चेहरा आधी मोकळा झाला आणि मग माझ्यावर स्थिरावला.

"म्हणजे तुम्ही त्या बाईंना मारलंत."

"बटणावरून फक्त."

नर्सबाईंनी येऊन आम्हाला सोडवलं. रक्षकाला त्यांनी कधीतरी टाके घातले होते, त्यामुळे सेक्रेटरींसाठी थांबावं लागलं नाही. आम्ही तिघं जिना चढून आजींकडे गेलो. दार उघडून आजींनी फुलं पाहिली.

"कोण गेलं?"

"तुम्ही," कंडक्टर म्हणाले, आणि फुलं पुढे केली.

आवाज ऐकून आजींनी डोळे बारीक केले. पुढे होऊन त्यांच्या बाहीला हात लावला. "तू होय! एवढा उंच आहेस? बस की रे. नर्सबाई, फुलं पाण्यात घाल. वाया कशाला घालवायची."

मग त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. इतके दिवस दोन-दोन शब्द बोलून साठलेलं सगळं बाहेर येत होतं. मी दाराशी उभा होतो. थोड्या वेळानं कंडक्टर म्हणाले, "आजी, माझा नंबर परत बटणावर घालून टाकू. आपलं छान चाललं होतं. यांना मधे कशाला घ्यायचं? यांना तसं नकोच होतं म्हणतात."

"खरंच की," आजी म्हणाल्या. "याचा रक्तदाब चांगला आहे म्हणे."

त्यांचं म्हणणं रास्त होतं. मला नको होतं, हे मी सगळ्यांना ऐकवलं होतं. आता मान डोलवून जिना उतरायचा, की प्रकरण मिटलं. नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या. ऐकून घेण्याच्या तयारीत.

"मला मधे घ्या," मी म्हटलं.

आजींनी कान पुढे केला.

"मी एकटा राहतो," मी म्हटलं. हे वाक्य मी मोठ्यानं कधी म्हटलं नव्हतं. वसाहतीतल्या अनोळखी दारांवर सकाळपासून तोच प्रश्न विचारत हिंडलो होतो, आणि माझ्या घराचं दार तेवढं राहिलं होतं. "सकाळी मी फिरायला जात नाही. बसून असतो."

आजींनी कंडक्टरांकडे तोंड केलं. "सांग रे याला नंबर."

त्यांनी तिकिटं फाडावीत तसा एकेक आकडा तोडून दिला. मी माझ्या फोनमध्ये भरला, त्यांना वाचून दाखवला, त्यांनी हो म्हटलं. लाल बटणाला हात लावायची वेळच आली नाही. तिथे मी होतोच. पुढचा हात तेवढा धरायचा राहिला होता. बरोबर लागतो का, हे मात्र मी लावून पाहिलं नाही. पडताळून पाहण्याची हौस फिटली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पलंगावर बसलो होतो. फोन वाजला.

"उठलास का?"

"उठलो, आजी." अजून काहीतरी बोलावं असं वाटत होतं, पण काय ते सुचेना.

"मग ठेव आता. तो ताटकळत बसला असेल."

मी ठेवला. नंबर काढला. एखादा आकडा चुकला असेल तर कुणाच्या तरी घरी फोन वाजेल आणि मला पुन्हा शिव्या बसतील, अशी तयारी ठेवून लावला. पहिली घंटा पुरी वाजायच्या आत तिकडून उचलला गेला. हात फोनवरच असणार.

"उठलात का?" मी विचारलं.

"उठलो," कंडक्टर म्हणाले. आणि मग, जे साखळीत कुणीच कधी विचारत नाही, ते त्यांनी विचारलं. "तुम्ही?"